आधी मीठ, मग साखर

सरबत मनासारखं जमलं नाही की आपला हात साखरेच्या डब्याकडे जातो. आणखी एक चमचा, मग आणखी अर्धा, आणि शेवटी पाहुण्यांपुढे जातो तो लिंबाच्या वासाचा पाक. उन्हाळा तोंडावर आलाय, म्हणून आजच सांगते: तो हात आधी मिठाकडे जाऊ द्या. मीठ घाला, ढवळा, चव घ्या आणि मगच साखरेचं काय ते ठरवा.

आपल्या जुन्या पेयांत ही शिस्त आहेच. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं करताना कैरीचा गर, गूळ आणि वेलची यांच्या जोडीला मीठ पडतंच. ते विसरलं तर पन्हं गुळचट लागतं आणि कैरी मागे पडते. गोव्यात मार्च ते मेमध्ये काजूच्या बोंडांची हुर्राक ही दारू येते. तिच्या पेल्यात लिंबाची फोड, उभी चिरलेली हिरवी मिरची, वरून लिम्का आणि चिमूटभर मीठ घालायची तिथली रीत आहे. या दोन्ही पेयांत खारटपणा जाणवत नाही. मीठ तिथे बाकीच्या चवींना जागेवर आणायला असतं.

हे कसं घडतं, याचा एक धागा १९९७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या प्रयोगात मिळतो. फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या संशोधकांनी साखर आणि कडू युरिया यांच्या मिश्रणात सोडियमचा क्षार घातला. कडूपणा दबला आणि गोडी वर आली. साखर तेवढीच होती; कडू चवीखाली ती झाकली गेली होती. लिंबू जोरात पिळलं की सालीचा कडवटपणा रसात उतरतो. मोसंबी-संत्र्याच्या पांढऱ्या सालीतही तो असतो, आणि टॉनिक वॉटर तर क्विनीनमुळे कडूच असतं. अशा पेयांत मीठ कडूपणावर काम करतं, म्हणून साखर कमी लागते.

अडचण मापाची आहे. भाजीत मीठ जरा इकडेतिकडे झालं तरी पातेलंभर भाजी ते सांभाळून घेते. एका पेल्यात ती सोय नाही. माझी चिमूट आणि तुमची चिमूट सारखी नसते, आणि खडे मिठाचा चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा वजनाला हलका भरतो. म्हणून मिठाचं पाणी करून ठेवा. २० ग्रॅम मीठ ८० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि ड्रॉपर असलेल्या स्वच्छ बाटलीत भरा. याच्या दहा थेंबांत साधारण दशांश ग्रॅम मीठ येतं. परदेशातले कॉकटेल करणारेही हेच करतात, कारण मद्यात कोरडं मीठ सहज विरघळत नाही.

खात्री करून घ्यायची तर एकाच भांड्यातलं लिंबू सरबत दोन पेल्यांत ओता. एक तसंच ठेवा. दुसऱ्यात चार थेंब टाका, ढवळा, घोट घ्या. मग आणखी दोन. एका टप्प्यावर लिंबाचा वास नाकाशी स्पष्ट येतो आणि सरबत जास्त गोड वाटू लागतं. तिथेच थांबायचं. 'यात मीठ आहे' असं जिभेला कळलं, की माप ओलांडलं. ही चव सरबत गार करूनच घ्यावी, कारण गारव्यात गोडी मंद होते आणि बर्फ वितळून पेय पातळही होतं.

लिंबू सोडा करतानाही हे पाणी कामी येतं. सोड्यात कोरडं मीठ टाकलं की प्रत्येक कणाभोवती बुडबुडे धरतात, सगळं फसफसून पेल्याबाहेर येतं आणि उरतो तो बसलेला सोडा. लिंबाच्या रसात मिठाचं पाणी आधी मिसळा, मग पेल्याच्या कडेने सोडा सोडा. फेस आटोक्यात राहतो.

दोन ठिकाणी मात्र जपून. कोकमाचं आगळ मीठ घालूनच टिकवलेलं असतं. त्याची सोलकढी करताना आधी चाखा, वरून मीठ बहुधा लागणार नाही. साखरेतलं अमृत कोकम वेगळं, त्याला मीठ हवं. दुसरं पादेलोण. त्याचा वास गंधकाच्या संयुगांचा असतो. ताकात आणि जिऱ्याच्या पाण्यात तो शोभतो, पण संत्र्याच्या नाजूक रसात बाकी सगळं झाकून टाकतो. तिथे साधंच मीठ बरं.

रक्तदाबाची काळजी मला मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि ज्यांना डॉक्टरांनी मीठ बंद केलंय त्यांनी हा प्रयोग करू नये. इतरांसाठी दशांश ग्रॅम मिठाने चमचाभर साखर वाचत असेल, तर तो सौदा मला फायद्याचा वाटतो.

पाककृती लिहिणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. लिंबू, साखर, पाणी यांची मापं तुम्ही काटेकोर देता आणि मिठापुढे 'चवीनुसार' लिहून मोकळे होता. नवशिक्याला नेमकं तिथेच माप हवं असतं. एका पेल्याला मिठाच्या पाण्याचे किती थेंब, ते लिहा; आणि ते साखरेच्या आधीच्या ओळीत लिहा.