तीन चाके आणि काटा

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात वाहनांच्या दालनांपुढे जी झुंबड उडते ती नुसती नव्या गाड्या बघायला नसते. मेळ्याच्या मुदतीत घेतलेल्या गाडीवर मध्य प्रदेश शासनाने गेल्या काही मेळ्यांत आजीवन मोटारवाहन करात ५० टक्के सवलत दिली आहे, आणि तिच्यापायी बाहेरगावचे गिऱ्हाईकही इकडे वळते. माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा मुळात गुरांचा. आता तिथे घासाघीस चालते ती अश्वशक्तीवरून. सवलतीच्या आदेशाची भाषा या व्यवसायातल्या बहुतेकांना पाठ आहे. गैर-परिवहन वाहने, म्हणजे मोटारसायकल, मोटारकार आणि खासगी वापराची ओम्नीबस. शिवाय हलकी परिवहन वाहने. गाडी ग्वाल्हेरच्या आरटीओतच कायमची नोंदवायची आणि बाहेरच्या विक्रेत्याने इथले व्यवसाय प्रमाणपत्र घेऊन मेळ्यात प्रत्यक्ष दुकान थाटायचे.

या यादीत तीनचाकी कुठे बसते?

भाड्याची रिक्षा किंवा मालवाहू आपे असेल तर उत्तर सोपे आहे. ती हलकी परिवहन वाहने. घोटाळा होतो तो घरगुती तीनचाकीचा. वाहन पोर्टलवर ‘थ्री व्हीलर (पर्सनल)’ असा स्वतंत्र वर्ग आहे, पण करसवलतीच्या आदेशात तो शब्दच नाही. मग गाडीकडे बघून अंदाज बांधला जातो. हँडल स्कूटरचे, इंजिन दोनशे सीसीच्या आसपास, वजन मारुतीच्या निम्म्याहून कमी. ‘हलकीच तर आहे, मोटारसायकलमध्ये टाका’ हा सल्ला काउंटरच्या दोन्ही बाजूंना सहज सुचतो. तो चूक आहे, आणि का चूक आहे हे व्यवसायातल्या प्रत्येकाला कलमासकट सांगता आले पाहिजे.

मोटार वाहन अधिनियम १९८८ मधल्या कलम २(२७) नुसार मोटारसायकल म्हणजे दोन चाकांचे मोटार वाहन. तिसरे चाक फक्त एका वाटेने आत येऊ शकते: सुटी करता येणारी, जादा चाकाची साइडकार जोडलेली असेल तर. या व्याख्येत किलोचा उल्लेख कुठेही नाही. शंभर किलोची तीनचाकी असली तरी ती मोटारसायकल नव्हे, आणि साडेतीनशे किलोची अजस्र बाइक असली तरी ती मोटारसायकलच. कायद्याने इथे चाके मोजली, काटा बाजूला ठेवला.

मग घरगुती तीनचाकी आहे तरी काय? कलम २(२६) मध्ये मोटारकारची व्याख्या उरल्यासुरल्याची आहे. परिवहन वाहन नाही, ओम्नीबस नाही, रोडरोलर नाही, ट्रॅक्टर नाही, मोटारसायकल नाही, अपंग व्यक्तीसाठी खास बांधलेले वाहन नाही, असे जे काही उरेल ती मोटारकार. म्हणजे खासगी वापराची रिक्षा कायद्याच्या नजरेत होंडा सिटीच्या पंगतीला बसते. ऐकायला गमतीचे वाटते, पण विमा व्यवसायाने ही पंगत फार पूर्वीच मान्य केली आहे. २००२ च्या अखिल भारतीय मोटर टॅरिफमध्ये खासगी वापराच्या रिक्षा आणि केबिन बॉडी स्कूटर खासगी मोटारींच्याच विभागात होत्या. १ जून २०२२ पासूनच्या दरांत १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीचा तृतीय पक्ष हप्ता वर्षाला १,३६६ रुपये, तर हजार सीसीपर्यंतच्या मोटारीचा २,०९४ रुपये. फरक ७२८ रुपयांचा. तो वाचवायला पॉलिसीवर ‘टू व्हीलर’ लिहून घेणाऱ्याला अपघातानंतर दावा न्यायाधिकरणापुढे विमा कंपनीच्या वकिलाला तोंड द्यावे लागेल, आणि तिथे तो फरक फार स्वस्त वाटेल.

भाड्याच्या रिक्षेचे नाते वेगळे. चालक सोडून सहापर्यंत प्रवासी भाड्याने नेणारे वाहन म्हणजे मोटार कॅब. रिक्षा त्यात बसते. एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून निघालेल्या दोन गाड्या, एक मोटारकार आणि दुसरी मोटार कॅब. फरक वापराचा, वजन इथेही गप्प आहे.

वजन बोलू लागते ते चालकाच्या परवान्यापाशी. कलम १०(२) मधल्या परवान्याच्या वर्गांत विनागिअर आणि गिअरची मोटारसायकल आहे, हलके मोटार वाहन आहे, परिवहन वाहन आहे, रोडरोलरसुद्धा आहे. तीनचाकी नाही! देशातल्या लाखो परवान्यांवर ‘थ्री व्हीलर’ छापले गेले ते ‘विशिष्ट वर्णनाचे वाहन’ या शेवटच्या, कशालाही सामावून घेणाऱ्या कलमाच्या आधाराने. हलक्या मोटार वाहनाची मर्यादा कलम २(२१) प्रमाणे ७,५०० किलो. त्यातही पोटभेद आहे: परिवहन वाहन असेल तर एकूण भारित वजन बघायचे, मोटारकार असेल तर रिकाम्या गाडीचे. म्हणजे वर सांगितलेल्या त्या दोन जुळ्या रिक्षांपैकी एक माल-माणसांसकट तोलायची आणि दुसरी मोकळी.

साडेसात टनांच्या या रेषेवर विमा कंपन्या आणि दावेदार वर्षानुवर्षे झगडले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या मुकुंद देवांगन निकालाने हलक्या वाहनाचा परवाना त्याच वजनाच्या परिवहन वाहनालाही चालेल असे सांगितले. त्यावर शंका उपस्थित झाल्या आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभादेवी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीच भूमिका कायम केली. ७,५०० किलोपर्यंतच्या परिवहन वाहनासाठी वेगळी नोंद नको. पण त्याच निकालात ई-रिक्षा, ई-कार्ट आणि घातक माल वाहणारी वाहने यांच्या खास अटी तशाच राहतील असेही म्हटले आहे. परिणाम बघण्यासारखा आहे. मोटारीचा परवाना असलेला माणूस सात टनांचा टेम्पो ट्रक कायदेशीरपणे हाकू शकतो. तीन-चारशे किलोची, ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी ई-रिक्षा चालवायला मात्र केंद्रीय नियम ८-अ प्रमाणे किमान दहा दिवसांचे प्रशिक्षण लागते. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर ई-रिक्षांचा जो गुंता रोज पाहायला मिळतो तो पाहिला की प्रशिक्षणाची अट कुणी रद्द करा म्हणणार नाही. पण मग ती सात टनांना का नाही, हा प्रश्न उरतोच.

दाव्यांची कामे करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२४ च्या निकालाचा विषय हलक्या मोटार वाहनाचा परवाना हा होता, नुसत्या तीनचाकीचा नव्हे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक मालवाहू रिक्षा आली होती. चालकाकडे तीनचाकीचा परवाना होता, पण तो परवाना वीस वर्षांच्या मुदतीचा, म्हणजे गैर-परिवहन. विमा कंपनी सुटली. जुन्या फायलींत असे परवाने अजून सापडतात. त्यांना नव्या निकालाचे छत्र आपोआप मिळेल असे गृहीत धरून युक्तिवाद लिहू नये.

वजनावरून तीनचाकीला मोटारसायकल ठरवण्याचा खरा इतिहास ब्रिटनचा आहे, आणि तो मोठा रंगतदार आहे. तिथे ८ हंड्रेडवेट, म्हणजे साधारण ४०६ किलोंच्या आतली तीनचाकी करासाठी मोटारसायकलींच्या वर्गात मोडे आणि मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता येई. एवढ्या एका आकड्यावर कारखाने उभे राहिले. मॅल्व्हर्नच्या मॉर्गनने १९१० पासून तीनचाकी विकल्या. टॅमवर्थच्या रिलायंटने अंग फायबरग्लासचे केले, कारण पत्र्याचे वजन परवडणारे नव्हते. १९७३ मध्ये आलेली रिलायंट रॉबिन याच वंशातली. कायद्याचा पाय आणखी खोलात गेला तो रिव्हर्स गिअरवरून. मोटारसायकलच्या परवान्यावर चालवायच्या तीनचाकीला बराच काळ मागे जायची मुभाच नव्हती, म्हणून ब्रायटनमध्ये बनलेल्या तीनचाकी इसेटामधून रिव्हर्स काढून टाकला जाई. पुढचा एकमेव दरवाजा भिंतीला टेकवून गाडी लावली की चालक आत कोंडला जाण्याची सोय झाली! गाडी रस्त्यासाठी न बनता काट्यासाठी बनू लागली की असले नमुने जन्माला येतात. पुढे ब्रिटनची करमर्यादा ४५० किलोपर्यंत वाढली, पण मर्यादेला चिकटून गाडी बांधायची वृत्ती तीच राहिली.

अमेरिकेची केंद्रीय व्याख्या याच्या उलट टोकाला. चालकाला आसन आणि जमिनीला टेकणारी तीनपेक्षा जास्त चाके नाहीत, एवढे पुरते. वजनाची अट नाही. कॅलिफोर्नियाने मात्र एकेकाळी स्वतःच्या कायद्यात १,५०० पौंडांची मर्यादा घातली होती आणि विजेवरच्या बंदिस्त तीनचाकींसाठी ती २,५०० पौंडांपर्यंत सैल केली होती. कारण उघड होते, बॅटरी. युरोपने तो प्रश्न जास्त नीटपणे सोडवला. तिथे तीनचाकीच्या एल५ई वर्गाला चालू स्थितीत १,००० किलो ही कमाल मर्यादा आहे, आणि हलक्या चारचाकी क्वाड्रिसायकलचे वजन मोजताना गाडी चालवणारी बॅटरी वगळली जाते.

भारतात बॅटरीचा हिशेब कसा करायचा? कलम २(४८) प्रमाणे रिकामे वजन म्हणजे वापरात असताना गाडीबरोबर नेहमी असणाऱ्या सर्व साधनांसकट, फक्त चालक आणि मदतनीस सोडून. बॅटरीशिवाय ई-रिक्षा जागची हलत नाही, तेव्हा ती वजनात धरलीच पाहिजे. आता समजा, उद्या कुणी ब्रिटनचा कित्ता गिरवून ४०० किलोंच्या आतली तीनचाकी मोटारसायकल मानली. चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांची गाडी मर्यादेबाहेर, त्याच गाडीत लिथियमचा पॅक बसवला की मर्यादेच्या आत. सोमवारी मोटार, गुरुवारी मोटारसायकल, आणि नोंदणी प्रमाणपत्र जुनेच. वजनाची रेषा आणा असे म्हणणाऱ्यांनी आधी या गाडीचा वर्ग सांगावा.

चाके मोजण्याची पद्धतही निर्दोष नाही, हे चंबळच्या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. मोटारसायकलच्या पुढच्या भागाला मागे गाडा जोडून रस्त्यावर आणलेले ‘जुगाड’ इथल्या गल्लीबोळांत फिरते. साइडकार म्हणून त्याचा बचाव करता येत नाही, कारण साइडकार सुटी करून मोटारसायकल उरते. इथे मोटारसायकलच कापलेली असते. मूळ बांधणीत असा फेरफार कलम ५२ ला चालत नाही. जुगाड हे मोटार वाहनच आहे आणि नोंदणी व विम्याविना ते रस्त्यावर येता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाचे २०१३ मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात सांगून झाले आहे. त्यानंतरही ते दिसते.

आणि कारखान्यांतून उद्या काय येणार आहे? हीरो मोटोकॉर्पने जानेवारी २०२४ मध्ये सर्ज एस३२ दाखवली: मालवाहू तीनचाकी, जिच्यातून विजेची स्कूटर वेगळी निघते. सकाळी माल, संध्याकाळी बायकोला मागे बसवून सिनेमा. अशा गाड्यांसाठी ‘एल२-५’ अशी जोडवर्गाची कल्पना पुढे आली आहे आणि ती योग्य दिशेची आहे, कारण तिच्यात एका गाडीची दोन रूपे उघडपणे मान्य केलेली आहेत. साइडकारच्या कलमाला ताणून हे काम होण्यासारखे नव्हते.

तेव्हा या अंकाची भूमिका अशी: मोटारसायकलच्या व्याख्येत वजन घुसवू नये. वजनाची रेषा घालायची झालीच तर तीनचाकीची स्वतंत्र व्याख्या कलम २ मध्ये घालावी, परवान्याचा स्वतंत्र वर्ग कलम १० मध्ये घालावा, आणि बॅटरी वजनात की वजनाबाहेर हे तिथेच एका वाक्यात सांगावे. २०१५ च्या दुरुस्तीने ई-रिक्षेसाठी कलम २-अ घातले, ४,००० वॉटची कमाल मर्यादा दिली. त्याच धर्तीवर बाकीच्या तीनचाकींना घर देणे संसदेला अवघड नाही.

तोवर काम थांबत नाही. मध्य प्रदेशच्या परिवहन आयुक्तांचे मुख्यालय ग्वाल्हेरातच आहे, मेळ्याच्या मैदानापासून फार दूर नाही. पुढच्या मेळ्याच्या आदेशासोबत एक ओळीचे स्पष्टीकरण निघाले तर निम्मी भांडणे मिटतील: खासगी वापराची तीनचाकी करासाठी मोटारकार समजावी. ते निघेपर्यंत विक्रेत्यांनी फॉर्म २१ मधला रिकाम्या वजनाचा रकाना कारखान्याच्या कागदपत्रांशी आणि प्रत्यक्ष बसवलेल्या बॅटरीशी ताडून भरावा, वाहनाचा वर्ग ‘मोटारसायकल’ असा कुणाच्याही आग्रहावरून लिहू नये, आणि विमा प्रस्तावात तोच वर्ग उतरला आहे ना हे गाडी दालनाबाहेर पडण्याआधी पाहावे.