हत्ती स्वस्त, चारा महाग

मराठी मध्यमवर्गाच्या आकांक्षांचा इतिहास वाहनांच्या आधारेही लिहिता येईल. सायकल, मग स्कूटर, मग हप्त्यांवर घेतलेली छोटी मोटार, हा क्रम दोन पिढ्यांनी अनुभवला. अलीकडे या क्रमात एक नवी पायरी दिसू लागली आहे. एके काळी ८० लाख रुपयांना घेतली गेलेली उंच, आलिशान एसयूव्ही मोटार सात वर्षांनी १८ लाखांत विकावयास येते आणि तेवढ्याच रकमेत मिळणारी साधी नवी मोटार तिच्यापुढे फिकी वाटू लागते. दरमहा सव्वा लाख रुपये वेतन घेणाऱ्या प्राध्यापकाला किंवा बँकेतील अधिकाऱ्याला हा मोह पडणे स्वाभाविक आहे. तथापि वस्तूची किंमत आणि ती बाळगण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यास कुटुंबाने अनेक वर्षांत साठविलेली पुंजी पाहता पाहता विरघळून जाते.

किंमत का उतरते?

या मोटारीची किंमत एवढी का कोसळते, हा प्रश्न ग्राहक सहसा विचारीत नाही. स्वस्ताई म्हणजे आपले नशीब, असे तो मानतो. वस्तुतः त्यामागे दोन ठोस कारणे आहेत. अशा मोटारींचा पहिला मालक बहुधा उद्योजक, व्यावसायिक किंवा एखादी कंपनी असते. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर घसारा म्हणून शिल्लक मूल्याच्या १५ टक्के रक्कम दरवर्षी उत्पन्नातून वजा करण्याची मुभा प्राप्तिकर कायद्याने दिलेली आहे. त्यामुळे घसरत्या किमतीची झळ त्याला काही अंशी कमी लागते. तीच मोटार विकत घेणाऱ्या पगारदाराला अशी कोणतीही वजावट मिळत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या मोटारींचा देखभालखर्च ज्याला सहज परवडतो, तो शक्यतो नवीच मोटार घेतो. साहजिकच जुन्या मोटारीला गिऱ्हाईक थोडे. जे येतात त्यांतील जाणकार पुढील दुरुस्त्यांचा अंदाज घेऊनच बोली लावतात. म्हणजेच पुढे येणारा खर्च बाजाराने आजच्या किमतीतून आधीच वजा केलेला असतो. अठरा लाखांची ती किंमत म्हणजे सवलत नव्हे, तर पुढील देयकांची ती पूर्वसूचनाच होय.

सुटे भाग म्हातारे होत नाहीत

मोटारीची किंमत तिच्या वयानुसार उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. १८ लाखांना घेतलेल्या मोटारीला लागणारा भाग ८० लाखांच्या मोटारीचाच असतो. हवेच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन, स्वयंचलित गिअरबॉक्स, टर्बो, असंख्य सेन्सर आणि मोठ्या व्यासाचे टायर ही या गाड्यांची वैशिष्ट्ये. नव्या गाडीत ती सुखावतात आणि जुन्या गाडीत तीच खर्चाची दारे उघडतात. हवेच्या सस्पेन्शनमधील रबरी फुगे कालांतराने चिरतात, गळती सुरू होते आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही निकामी होतो. डिझेल मोटारीतील काजळीची गाळणी स्वच्छ होण्यासाठी काही काळ सलग, वेगाने प्रवास घडावा लागतो. घर ते महाविद्यालय एवढ्याच कोंडीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत ती तुंबते. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकजवळ यासाठी लागणारी संगणकीय उपकरणे बहुधा नसतात. अधिकृत केंद्राची मजुरी मात्र मोटारीच्या मूळ प्रतिष्ठेला साजेशीच असते.

विम्याचेही तसेच. मोटार विम्याच्या नेहमीच्या पद्धतीत चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीचे मूल्य नव्याच्या निम्मे धरले जाते आणि त्यापुढे ते परस्पर संमतीने ठरते. अपघातानंतर रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो. हा घसारा न कापणारी जादा तरतूद मिळते खरी, पण गाडी जुनी होत जाते तशी ती दुर्मिळ होते.

हिशेबाची वही

एक काल्पनिक परंतु वास्तवाशी सुसंगत उदाहरण घेऊ. १८ लाखांच्या मोटारीसाठी ६ लाख पदरचे घातले आणि १२ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी १३ टक्के दराने काढले. मासिक हप्ता सुमारे २७,३०० रुपये येतो. घरातील चर्चा बहुधा येथेच थांबते. आता पुढची पाने उलटावीत. कर्जावरील व्याज वर्षाला सरासरी ८७,६०० रुपये. पदरच्या ६ लाखांवर ७ टक्के दराने मिळू शकणारे, पण आता बुडालेले व्याज ४२,०००. पाच वर्षांनी मोटार ६ लाखांना विकली जाईल असे धरले, तर किमतीतील घट वर्षाला २ लाख ४० हजार. वर्षाकाठी १०,००० किलोमीटर प्रवास, लिटरला १० किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये, म्हणजे इंधनाचे ९०,०००. विमा ६०,००० धरावा. नियमित देखभाल व टायर यांसाठी १ लाख आणि अवचित दुरुस्तीसाठी आणखी १ लाख. एकूण बेरीज सुमारे ७ लाख २० हजार रुपये होते. म्हणजे महिन्याला ६०,००० आणि किलोमीटरला ७२ रुपये.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे भाडे फेब्रुवारी २०२५ मध्ये वाढले, तेव्हा पहिल्या दीड किलोमीटरसाठी ते ३१ रुपये ठरले. किलोमीटरला हा दर २१ रुपयांच्या आतच पडतो. त्याच्या तिपटीहून अधिक खर्च करून आपण स्वस्त मोटार चालवितो, असे समाधान मानणे हा आत्मवंचनेचाच प्रकार होय.

विक्रेत्याला ठाऊक, ग्राहकाला अज्ञात

अर्थशास्त्राला या बाजाराने एक मूलभूत सिद्धांत दिला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. अमेरिकेत सदोष मोटारीला 'लिंबू' म्हणतात. मोटारीतील दोष विक्रेत्याला माहीत असतो आणि ग्राहकाला नसतो, म्हणून ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या मोटारीचा मालक विकावयास तयार होत नाही आणि बाजारात लिंबेच उरतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. २००१ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. आलिशान मोटारीत यंत्रणा अधिक गुंतागुंतीच्या असल्याने हे अज्ञान अधिक महागात पडते.

त्यात सरकारी निर्णयांची भर पडते. दहा वर्षांवरील डिझेल मोटारींना दिल्ली परिसरात मज्जाव करण्याचा राष्ट्रीय हरित अधिकरणाचा २०१५ सालचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केला. २०२५ साली त्यात काही सूट मिळाली, परंतु तोवर अशा गाड्यांच्या किमतीला धक्का बसलेलाच होता. तिकडची स्वस्त मोटार महाराष्ट्रात आणून कायमची वापरावयाची, तर ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि येथील कर हे सोपस्कार चुकत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या मोटारींवरील कराची फेररचना होऊन वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला आणि उपकर रद्द झाला. नव्या मोटारी अशा रीतीने स्वस्त होतात तेव्हा जुन्यांच्या किमतीवरही दडपण येते. पाच वर्षांनी ६ लाख हमखास मिळतील, हे गृहीतकही म्हणूनच ठिसूळ आहे.

याचा अर्थ अशी मोटार कोणीच घेऊ नये, असा नाही. पहिल्या वर्षांतील सर्वांत मोठी घट दुसऱ्याने सोसलेली असते, हा लाभ खरा आहे. भक्कम बांधणी व सुरक्षिततेची साधने यांनाही मोल आहे. परंतु त्यासाठी किमान चार अटी पाळल्या जाव्यात. खरेदी बहुतांशी रोखीने व्हावी. देखभालीच्या संपूर्ण नोंदी हाती याव्यात. व्यवहारापूर्वी त्रयस्थ तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. आणि किमतीच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी रक्कम दुरुस्तीसाठी बँकेत वेगळी ठेवावी. ज्यांना या अटी जाचक वाटतील, त्यांच्यासाठी साधी नवी मोटार हाच शहाणपणाचा मार्ग होय.

हप्ता झेपेल काय, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. पुढील महिन्यात गिअरबॉक्स निकामी झाला आणि त्याच महिन्यात मुलांच्या महाविद्यालयाची फी भरावयाची असेल, तर भविष्य निर्वाह निधीला हात न लावता दोन्ही भागतील काय, हे घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. त्याचे उत्तर होकारार्थी असेल, तरच विक्रीच्या कागदावर सही करावी.