तह राष्ट्राशीं कीं सिंहासनाशीं?

लष्करी तहानें बांधलेल्या एखाद्या राष्ट्रांत यादवी माजली, तर त्याच्या मित्रांनीं काय करावें? हा प्रश्न केवळ कायदेपंडितांच्या चर्चेचा नव्हे. त्याच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

१९९२ सालीं ताश्कंद येथें रशियासह सहा राष्ट्रांनीं जो सामुदायिक संरक्षणाचा तह केला, त्याचें चौथें कलम सांगतें कीं, एकावरील परचक्र तें सर्वांवरील परचक्र. घरांतल्या कलहाचें त्यांत नांवहि नाहीं. २०१० च्या जूनमध्यें किर्गिझस्तानांतील ओश शहरीं किर्गिझ व उझबेक यांच्यांत दंगल पेटून चारशेंहून अधिक माणसें मेलीं. हंगामी अध्यक्षा ओतुनबायेवा यांनीं रशियाकडे सैन्य मागितलें. हा अंतर्गत प्रश्न आहे, असें सांगून तें नाकारण्यांत आलें. पुढें २०२२ च्या जानेवारींत कझाकस्तानांत इंधनवायूच्या दरवाढीवरून लोकक्षोभ उसळला व अल्माटींत रक्तपात झाला. ५ जानेवारीस अध्यक्ष तोकायेव यांनीं हांक मारली आणि दुसऱ्याच दिवशीं मित्रांचें सैन्य निघालें. एकंदर सुमारें अडीच हजार! बंडामागें परकीय हात आहे, असें सांगून या वेळीं त्याच चौथ्या कलमाचा आधार घेण्यांत आला. आक्रमणाचा आरोप मात्र कोणत्याहि राष्ट्रावर ठेवण्यांत आला नाहीं.

कोणी म्हणतील, हें सैन्य इमारती राखून दोन आठवड्यांत परतलें. त्यानें कोणाचें काय बिघडविलें? आम्ही विचारतों, पहारा पाहुण्यांनीं करावा आणि त्यामुळें मोकळ्या झालेल्या सरकारी शिपायांनीं प्रजेस आवरावें, ही वांटणी निरुपद्रवी कशी? त्याच दिवसांत इशारा न देतां गोळी घालण्याची आज्ञा सुटली होती, आणि सरकारी गणतीनेंच मृतांचा आंकडा दोनशेंवर गेला.

आमचें मत स्पष्ट आहे. मित्रसंघानें यादवींत कोणत्याहि पक्षासाठीं शस्त्र उचलूं नये. त्यानें सीमा राखाव्या, निर्वासितांस आश्रय द्यावा, उभय पक्षांस बोलणीं करावयास लावावें. निरपराधांची कत्तल थांबविण्यासाठीं सैन्य धाडणें अटळच झालें, तर तें सर्व सभासदांच्या संमतीनें, मुदत जाहीर करून धाडावें, आणि त्यानें दोन्ही पक्षांच्या मध्यें उभें राहावें, एकाच्या पाठीशीं नव्हे. ओश येथें असें सैन्य हवें होतें. तेथें तें गेलें नाहीं.

राज्यकर्ते येतात आणि जातात. तह राष्ट्राशीं झालेला असतो. ज्या प्रजेच्या रक्षणासाठीं तो केला, तिच्याच विरुद्ध तो वापरला गेला, तर त्या प्रजेनें उद्यां खऱ्या परचक्राच्या वेळीं या मित्रांवर विश्वास कां ठेवावा?