श्रद्धा सुटलेला मुलगा व भाविक घर

नागपूरच्या कळमना भागांतील एखाद्या भाविक ख्रिस्ती घरांतला तरुण घ्या. त्याचा बाप्तिस्मा तान्हेपणीं झाला, रविवारच्या शाळेंत त्यानें वचनें पाठ केलीं, मंडळीच्या पटावर त्याचें नांव आहे. आणि आतां त्याचा ईश्वरावर विश्वास उरलेला नाहीं. त्यानें चोरी केली नाहीं कीं व्यसन लावून घेतलें नाहीं. तरी ही गोष्ट आईबापांस सांगावयाची म्हणजे त्याच्या तोंडाला कोरड पडते, व तो वर्षानुवर्षें खोटें 'आमेन' म्हणत राहतो. हें मौन मोडलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कायद्याची अडचण म्हणाल तर ती नाहीं. आपला कोणताच धर्म नाहीं असें म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, व धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकारनें कोणावर करूं नये, असा निवाडा मुंबई उच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला. गंमत अशी कीं, त्यांतील अर्जदार येशूला मानणारेच होते. त्यांस फक्त 'ख्रिस्ती' हा शिक्का नको होता. पण न्यायालयाचा निवाडा स्वयंपाकघरांत चालत नाहीं.

तेथें प्रश्न निराळा आहे. ख्रिस्ती घरांत विश्वास हाच धर्माचा गाभा. तो गेला म्हणजे मुलाचें तारण गेलें व मरणानंतरची भेटहि गेली, असें आईला वाटतें. चार्लस डार्विनची पत्नी एमा हिला हीच धास्ती होती. आपण उभयतां सदैव एकमेकांचे राहणार नसूं, तर तो विचार आपणास फार दुःखाचा होईल, असें तिनें विवाहानंतर लवकरच पतीस लिहिलें. डार्विननें तें पत्र जन्मभर जपलें, व आपण त्यावर कितीदां तरी रडलों अशी नोंद त्याच कागदावर करून ठेविली. म्हणून मुलानें उत्पत्तीच्या पुस्तकांतील चुका व खडकांचें वय सांगून सुरुवात करूं नये. नागपुरास १८४५ सालीं आलेले रेव्हरंड हिस्लॉप स्वतःच जीवाश्म गोळा करणारे भूगर्भशास्त्री होते, आणि अखेरपर्यंत मिशनरी राहिले. आईचें दुःख पुराव्याचें नव्हे, वियोगाचें आहे. मी तुला सोडून चाललों नाहीं, हें तिला आधीं सांगावें. कारणें मागाहून, व तींहि तिनें विचारलीं तर.

आतां वडीलधाऱ्यांस दोन शब्द. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासांत, घरच्यांस दुखवूनहि आपल्या विवेकास जागलेलीं माणसें थोडीं नाहींत. बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं व नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांच्या घरींहि आकांत झाला होता. टिळक तर कांहीं काळ नागपुरांतच राहिलेले. त्यांच्या धर्मांतरानें लक्ष्मीबाईंवर काय गुदरलें, तें 'स्मृतिचित्रें' वाचणारांस ठाऊक आहे. त्या पतीमागोमाग ख्रिस्ती झाल्या नाहींत. कांहीं वर्षांनीं, स्वतःस पटल्यावर झाल्या. हीं चरित्रें आपण अभिमानानें वाचावीं, आणि तोच विवेक मुलास दुसऱ्या वाटेनें घेऊन गेला तर त्यास सैतानाची भूल म्हणावें, हा कोठला न्याय? 'त्यांनीं ईश्वर सोडला नव्हता' असें उत्तर येईल. खरें आहे, परंतु त्यांच्या आप्तांच्या दृष्टीनें त्यांनीं सर्वच सोडलें होतें.

तरुणानेंहि सोय म्हणून प्रभुभोजनाची भाकर घेऊं नये, व लग्न चर्चमध्यें लागावें एवढ्यासाठीं पाळकापुढें विश्वासाची कबुली देऊं नये. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें धर्म आड न येतां विवाह होतो. नाताळास मात्र घरीं यावें, गुडघे दुखणाऱ्या आईला चर्चच्या दारापर्यंत हात द्यावा. रात्रीं घरची प्रार्थना चालली असतां त्यानें खुशाल सर्वांत बसावें, आणि प्रार्थना संपल्यावर तो 'आमेन' म्हणाला कीं नाहीं हें बापानें पाहूं नये.