अकरावी कुठे करायची?

दहावी झाली की मुलाला पुण्याला मामाकडे धाडायचे, ही आपल्या अनेक घरांची जुनी रीत. आता ती महागात पडेल. तेलंगणात वैद्यकीय प्रवेशासाठी ‘स्थानिक’ ठरायचे तर बारावीपर्यंतची सलग चार वर्षे इथेच शिकलेले असावे लागते. २०२४ चा हा नियम सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये उचलून धरला. काचीगुड्यात चार पिढ्या गेल्या, याला तिथे मोल नाही. महाराष्ट्राच्या कोट्यात अधिवास हवा, दहावीही तिकडचीच हवी. म्हणजे पोर दोन्हीकडे परके! मग अखिल भारतीय कोट्याच्या याद्यांकडे डोळे लावून बसायचे. नियमाचा हेतू आम्हांस मान्य आहे. पण पिढीजात रहिवाशांच्या मुलांना सवलत हवीच, आणि ती मते मागायला येणाऱ्यांकडे आपणच मागितली पाहिजे. तोवर अकरावीचा अर्ज हैदराबादेतच भरावा.