थंडीचा हट्ट

गेल्या महिन्यात एका नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये बेल्जियन ट्रिपल मागवली. वेटरने फ्रीझरमधला पांढराफटक मग आणला, तळाच्या यीस्टसकट बाटली त्यात उपडी केली आणि कौतुकाने म्हणाला, "एकदम चिल्ड आहे, सर!" साडेनऊ टक्क्यांची बिअर, पण गारव्यापलीकडे जिभेला काही कळेना. तिचा मिऱ्याचा आणि पिकल्या फळाचा वास वर आला, तोवर समोरची चिकनची प्लेट रिकामी झाली होती.

चूक त्या मुलाची नाही. 'थंड म्हणजे चांगली' एवढंच आपण त्याला शिकवलंय. हलक्या लागरला ६-७ अंश ठीक. ट्रिपल, डुबेल अशा बेल्जियन बिअरना १० ते १२ अंश तरी हवेत. वासच गोठलेला असेल तर मेन्यूकार्डावर छापलेल्या बिअर आणि पदार्थांच्या जोड्या काय कामाच्या?

दुसरी खोड म्हणजे गव्हाच्या सगळ्या बिअर एका दावणीला बांधणं. म्युनिकच्या वाइसबिअरमधलं केळं आणि लवंग यीस्ट तयार करतं; वरून काही घातलेलं नसतं. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र खरोखर धणे आणि संत्र्याची साल पडते. (ही बिअर बंदच पडली होती, हूगार्डन गावच्या पिअर सेलिस यांनी १९६६ साली ती पुन्हा सुरू केली.) म्युनिककर दुपारच्या आत पांढरं सॉसेज, गोड मोहरी आणि प्रेटझेलबरोबर वाइसबिअर घेतात. आपल्याकडे धण्याची फोडणी दिलेल्या माशाशी विटबिअरचं पटकन जुळेल. तांबड्या रश्श्याशी ट्रिपल मात्र नको. अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं.

ब्रुसेल्सची ग्यूझ तर आपण यादीत ठेवायलाच घाबरतो. हवेतल्या यीस्टवर आंबलेली एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक मिसळून ती बनते. आंबट, कोरडी, फसफसणारी. तळलेल्या सुरमईबरोबर देऊन बघा. गिऱ्हाईक लिंबाची फोड मागणार नाही.

हे गिऱ्हाइकाला सांगायचं कोणी? वेटरनेच. कोलोनच्या बिअरहॉलमधला वेटर, म्हणजे कोबेस, २०० मिलिलिटरच्या उभ्या ग्लासात तिथली कोल्श बिअर आणतो. ग्लास मुद्दाम लहान, म्हणजे बिअर मरायच्या आत संपते. तो न विचारता दुसरा ग्लास ठेवतो, कोस्टरवर पेन्सिलीची रेघ ओढतो आणि तुम्ही तोच कोस्टर ग्लासावर झाकेपर्यंत थांबत नाही. सोबत 'अर्धा कोंबडा' मागवला, तर ताटात येतो राय धान्याचा पाव आणि चीज. नवख्या पाहुण्याचा चेहरा पाहून कोबेस हसतो; त्याच्या बिअरहॉलमधलं काय कशाबरोबर जातं हे त्याला पाठ असतं.

आपल्या वेटर पोरांनी ट्रिपल कधी चाखलीये का? महिन्यातून एक बाटली त्यांच्यासाठी फोडा. अर्धी फ्रिजमधून काढल्याबरोबर प्यायला द्या, उरलेली वीस मिनिटांनी. फ्रीझरमधले मग फालुद्याला ठेवा.