भयपट आणि पंगत

स्वतंत्र भयपट एकत्र पाहायचा आणि मग एकाच पंगतीत जेवायचं, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. जत्रेतल्या तंबू टॉकीजचा प्रेक्षक सिनेमा संपला की भजी-भाकरीच्या पालाकडेच वळतो. देवळाली प्रवरासारख्या गावात अशी रात्र भरवायला पडदा, प्रोजेक्टर आणि मोकळं अंगण पुरतं. दाखवण्याची परवानगी मात्र हक्कधारकाकडून आधीच घ्यावी लागते.

चित्रपट निवडायचा तर राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) सर्वांत योग्य. त्यावर नारायण धारपांच्या कथेची छाया आहे. भीतीचं मूळ इथे भुकेत आहे. चित्रपटातल्या हस्तर या लोभी देवाला सोनं मिळालं, पण धान्य नाकारलं गेलं. म्हणून चित्रपटाचा नायक विनायक पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो आणि हस्तर तिच्यावर तुटून पडताच मोहरा ओढतो. ज्या घरात रोज कणीक मळली जाते, तिथल्या प्रेक्षकाला हे दृश्य जास्त झोंबतं. 2024च्या सप्टेंबरमध्ये हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याला मोठी गर्दी झाली.

जेवण सिनेमानंतरच असावं. गरम पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा समोर आला की गप्प बसलेली माणसंही बोलू लागतात.

या अंकात आम्ही भयपटाकडे अशा सामूहिक अनुभवाच्या अंगाने पाहिलं आहे. तंबूतल्या, अंगणातल्या भीतीच्या आणि त्यानंतरच्या जेवणाच्या आठवणी वाचकांनी आम्हाला जरूर लिहून पाठवाव्यात.